पोपोच्या गावची नदी

या सदरातले अनुभव मी आजवर फक्त चुका काढायला वाचत आले. खोटं कशाला सांगू? कुणी लिहिलं, की अमावस्येला अचानक दिवे गेले, की मी मनात म्हणायची – आधी फ्यूज बघा. माझं कामच ते आहे, सॉफ्टवेअर टेस्टिंग. दुसऱ्याच्या गोष्टीत भोक कुठे आहे ते शोधायचं, आणि जे पुन्हा करून दाखवता येत नाही त्यावर विश्वास ठेवायचा नाही. निखिल, म्हणजे माझा नवरा, म्हणतो की तू घरातही तेच करतेस. तर आज स्वतःचीच गोष्ट लिहायला बसलेय... काढा चुका. मी स्वतः दोन वर्षं काढतेय.

२००६ चा उन्हाळा. फ्रीमाँटमध्ये एकाला एक चिकटलेल्या टाउनहाउसच्या रांगेत आमचं घर शेवटून दुसरं. मला सातवा महिना होता आणि डॉक्टरनी पूर्ण बेडरेस्ट सांगितली होती. त्याआधी दोनदा असं झालं होतं की आनंदाची बातमी कुणाला सांगायच्या आतच सगळं संपलं. निखिल आणि नागपूरला आई, एवढं सोडून हे कुणालाही माहीत नव्हतं. शेजारी नाही, ऑफिसात नाही, मराठी मंडळातल्या मैत्रिणींना तर नाहीच. आई बाळंतपणाला येणार होती, पण तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. निखिल सकाळी फ्रीवेला लागायचा तो संध्याकाळीच उगवायचा. मी दिवसभर वरच्या खोलीत, डाव्या कुशीवर.

रांगेतलं शेवटचं घर लिनचं. ती घरूनच काम करायची. तिच्या जुळ्यांना सांभाळायला तिची आई चीनहून आली होती. मुलं तिला पोपो म्हणायची, म्हणून आम्हीही पोपोच म्हणायला लागलो. ठेंगणी, काटक बाई. इंग्रजीतले तिला दोनच शब्द येत – ‘ईट’ आणि ‘नो’ – आणि तेवढ्यावर तिचं उत्तम भागायचं. तिने लिनकरवी आमच्या घराची किल्ली मागून घेतली. दुपारी जुळी झोपली, की ती थर्मास घेऊन जिना चढायची. त्यात आलं आणि गुळासारखी तांबूस साखर घालून उकळलेलं पाणी. मी ते संपवेपर्यंत समोर उभी, मग खुर्चीत बसून विणकाम.

पोपो तिच्या भाषेत बोलायची, मी मराठीत. एकमेकींचं अक्षरही कळत नसल्याने फार मोकळं वाटायचं. सासूबाईंबद्दलच्या माझ्या सगळ्या तक्रारी त्या बाईने विणता विणता ऐकून घेतल्या. एका दुपारी मी तिला त्या दोघांबद्दलही सांगून टाकलं. आईपाशीही रडले नव्हते, तिच्यापाशी रडले. पोपोने सुया बाजूला ठेवल्या, माझे उघडे पाय हातात घेऊन ‘नो’ म्हणाली, आणि चार दिवसांनी निळ्या लोकरीचे मोजे आणून स्वतःच माझ्या पायात चढवले. त्यातला एक जरा सैलच होता.

आता माझ्या गोष्टीतलं पहिलं भोक मीच दाखवते. पोपोने माझ्या पलंगासमोर एक कॅलेंडर टांगलं होतं, तिच्या गावच्या फोटोंचं. हुनान प्रांतातलं नदीकाठचं जुनं गाव. नाव मुद्दाम देत नाही, आधीच तिथे गर्दी फार झालीय असं लिन म्हणते. हिरवं पाणी, पाण्यात लाकडी खांबांवर उभी असलेली घरं, माडीच्या सज्जांना लाल कंदील, आणि नदी ओलांडायला एकापुढे एक रोवलेले चौकोनी दगड. लिनच्या लहानपणी तिथे कुणी फिरकत नसे. आता बसेस भरभरून टूरिस्ट येतात, एकसारख्या टोप्या घालून झेंडेवाल्या गाइडच्या मागे फिरतात, भाड्याचे पारंपरिक पोशाख चढवून दगडांवर फोटो काढतात. जुनी घरं गेस्ट हाउस झालीत. पोपोही माडी भाड्याने देते. खाली तिच्या मुलाचं आल्याच्या वड्यांचं दुकान आहे. भिंतीतल्या लोखंडी आकड्याला पाकाचा गोळा अडकवून तो ओढतात, पुन्हा अडकवतात, पुन्हा ओढतात, आणि टूरिस्ट तोंडात बोट घालून बघत बसतात. मी लिनला म्हटलं, हा तर आमचा आलेपाक. घरात वॉशिंग मशिन आहे, पण पोपो धुणं नदीवरच नेते – पहाटे, टूरिस्ट उठायच्या आत.

म्हणजे गाव मला फोटोंतून आणि लिनच्या गप्पांतून पाठ झालं होतं. ते स्वप्नात आलं यात अमानवीय काहीच नाही.

ऑगस्टमध्ये पोपोचा व्हिसा संपत आला आणि ती परत गेली. जाताना माझ्या पोटावर हात ठेवून बराच वेळ काहीतरी बोलली. त्यानंतरच्या दुपारी फार रिकाम्या होत्या, आणि त्यातच मला ते गाव दिसायला लागलं.

दरवेळी पहाटच असायची. पाण्यावरून धुकं सरकत असायचं, कंदील विझायचे राहिलेले, आणि कुठूनतरी कपडे बडवल्याचा आवाज यायचा... एक ठोका, आणि जरा वेळाने समोरच्या घरांवरून परत आलेला दुसरा. हवेत आल्याचा आणि पाकाचा वास. मी दगडांवर उभी असायची, गाउनमध्ये. पोट मात्र नसायचं, अंग अगदी हलकं. आणि पलीकडच्या काठावर, पाण्याकडे उतरणाऱ्या पायरीवर, दोन लहान मुलं पाठमोरी बसलेली असायची. त्यांच्या हातात पुडी असायची आणि ती वड्या खात असायची.

ती कोण आहेत हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

हे मी निखिलला सांगितलं नाही. तो म्हणाला असता, “यार, तू स्ट्रेस घेतेयस,” आणि डॉक्टरला फोन केला असता, आणि मग त्यांनी माझी दुपारची झोप सोडवली असती. मला त्या झोपेची ओढ लागली होती. रोज एक-दोन दगड पुढे जायची. सकाळी निखिल निघाला की मी दुपारची वाट बघत बसायची. आत जे बाळ होतं, त्याच्याशी मी बोलेनाशी झाले होते. तेव्हा हे लक्षातही आलं नाही, आज आठवलं की अंगावर काटा येतो.

सप्टेंबरमधली ती दुपार. खिडकीचे पडदे ओढलेले, बाहेर बागेत माळ्याच्या, पालापाचोळा उडवायच्या ब्लोअरची घरघर. ती मंद होत गेली आणि तिच्या जागी पाण्याचा आवाज आला. मी शेवटच्या दगडावर होते. आता एक पाऊल टाकलं की काठ. दोघांतलं मोठं असावं, त्या मुलाने मान वळवायला सुरुवात केली. मला त्याचा कान दिसला, गाल दिसला... आणि मागून कुणीतरी माझं मनगट धरलं.

पोपो. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हाताला साबणाचा फेस, चेहऱ्यावर लालबुंद राग. ती बोलली ती कुठली भाषा होती कोण जाणे, पण मला कळलं.

“इकडे नाही. तुझं माणूस तिकडे थांबलंय.”

मी हात सोडवायला बघत होते. खरंच सांगते, मला परत यायचं नव्हतं. तिने मला फरफटत दगडांवरून मागे नेलं. माझा पाय घसरून पाण्यात गेला, सैल मोजा निघाला, आणि ती निळी लोकर हिरव्या पाण्यातून लांब जाताना मी पाहिली.

जागी झाले. दुखत नव्हतं, काहीच होत नव्हतं. तेच चुकत होतं – काहीच होत नव्हतं. बाळ हलत नव्हतं. एरवी मी पुस्तकात लिहिलंय तसा ज्यूस पिऊन, कुशीवर पडून वाट बघितली असती, निखिल येईपर्यंत थांबले असते. त्या दिवशी थांबले नाही. लिनला फोन केला. ती होती तशी धावत आली आणि तिनेच मला हॉस्पिटलमध्ये नेलं. निखिल परस्पर तिथे पोचला तोवर मला ऑपरेशनला आत घेतलं होतं. बाळाच्या गळ्याला नाळेचे वेढे बसले होते. संध्याकाळपर्यंत थांबला नाहीत ते बरं केलंत, एवढंच डॉक्टर म्हणाल्या. मुलगी झाली, मूठभर, पण रडली जोरात.

नर्सने माझ्या वस्तू पिशवीत भरताना विचारलं, की दुसरा मोजा कुठे गेला? म्हटलं, घरी पांघरुणात असेल.

दोन दिवसांनी लिन सूप घेऊन आली. बातमी सांगायला तिने आईला फोन केला होता. पण पोपोने आधीच विचारलं, “ती नीट घरी पोचली ना?” कोण, असं लिनने विचारल्यावर पोपो भडकलीच म्हणे. टूरिस्ट वेडेपणा करतात ते समजू शकतं, पण या मुलीला अक्कल नको? एवढ्या धुक्यात, तशा अवस्थेत, ओल्या दगडांवर? हे सांगताना लिन हसत होती. मॉम आता म्हातारी झालीय, म्हणाली. मग सहज पुढे म्हणाली, “आणि म्हणत होती, तिचा एक मोजा वाहून गेलाय. शोधत बसू नको म्हणावं.”

फ्रीमाँटला दुपारचे तीन वाजतात तेव्हा तिकडे दुसऱ्या दिवशीची पहाट असते. हे गणित मी त्याच पलंगावर पडून केलं.

भोकं? शोधली ना. लिनने मला गाडीत एका मोज्यात पाहिलं असेल, फोनवर नकळत बोलून गेली असेल. ती नाही म्हणते. मी इतक्यांदा विचारलं की शेवटी वैतागली बिचारी. मोजा पलंगामागे पडला असेल, ड्रायरमध्ये अडकला असेल. गेल्या वर्षी घर बदललं तेव्हा मी अख्खा पलंग सुटा करून घेतला, मशिन भिंतीपासून सरकवून घेतलं. निखिल मुकाट्याने सरकवत होता. मिळाला नाही.

दिवाळीच्या सुमारास पोपोचं पार्सल आलं. बाळाला टोपडं, आल्याच्या वड्यांचं पाकीट, आणि एक मोजा. जोडी नाही, एकच. त्याच निळ्या लोकरीचा, या वेळी घट्ट विणलेला.

लिन बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिला काहीतरी आठवलं.

“मॉमने अजून एक निरोप दिलाय. पलीकडच्या पायरीवरच्या दोघांची काळजी करू नको म्हणावं. मी रोज वड्यांची पुडी देते त्यांना.” मग कपाळाला आठी घालून म्हणाली, “कोण दोघं गं? पलीकडे त्या पायरीपाशी तर कुणीच राहत नाही.”

“असतील टूरिस्टांची मुलं,” मी म्हटलं, आणि पाणी आणायला म्हणून आत गेले. सिंकचा नळ सोडून किती वेळ रडले, माहीत नाही.

इथे मात्र मला भोक सापडत नाही. मी पोपोला त्या दोघांबद्दल मराठीत सांगितलं होतं आणि तिला मराठीचा गंध नाही. आणि पायरी, पुडी, वड्या – हे तर ती गेल्यानंतरचं. ते मी कुठल्याच भाषेत कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यानंतर ते गाव मला पुन्हा दिसलं नाही. मी प्रयत्न केला, लपवत नाही. तीच वेळ, तीच उशी, दोन्ही मोजे, आल्याचं पाणीसुद्धा. आमच्या कामात पुन्हा घडवून दाखवता आलं नाही की शेरा मारून प्रकरण बंद करतात. हे मी बंद केलेलं नाही.

मुलगी आता दोन वर्षांची होईल. पायात मोजे म्हणून ठेवत नाही. लिन पुढच्या उन्हाळ्यात माहेरी जाणार आहे आणि आम्हीही यावं म्हणून मागे लागलीय. निखिल तिकिटांचे भाव बघतोय, पोपोने माडीवरची नदीकडची खोली आमच्यासाठी ठेवलीय म्हणे. जायचं हे तर नक्की. पण लेकीला कडेवर घेऊन त्या दगडांवरून पलीकडे जायचं, की अर्ध्यातूनच हात हलवून परत फिरायचं, ते माझं अजून ठरत नाहीये.