फाटकाबाहेरच्या आत्या

आधीच सांगतो, भूतखेत, करणी, बाहेरचं-बिहेरचं यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. इथे लोक टाकतात ते अनुभव मी चहा पिताना बायकोला वाचून दाखवायचो आणि दोघं हसायचो. त्यात मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. स्क्रीनवर काही विचित्र दिसलं की त्याला बग म्हणायचं आणि कारण शोधायचं, याचाच मला पगार मिळतो. तरी हे लिहितोय. गाव सांगतो, नाव विचारू नका... घरचे वाचतील.

आम्ही मूळचे भुकूमचे. पौड रोडवरून आत वळलं की जरा चढावर घर. खाली आम्ही, वरच्या खोल्या भाड्याने. आजूबाजूला टॉवर उभे राहिले, आमचा रस्त्याला लागून असलेला रोडटच तुकडा तेवढा शिल्लक होता. तो यंदा पप्पांनी बिल्डरला द्यायचं ठरवलं आणि त्यासाठी आत्याचं हक्कसोड हवं होतं. आमच्याकडे सगळ्यांच्याच बहिणी करतात. पौडला रजिस्ट्रार ऑफिसात जाऊन सही करायची, मग घरी पुरणपोळी, ओटी, चांगल्यातली साडी... झालं! भावाचं घर तुटू नये म्हणून बहीण वाटा सोडते. त्यात विचारण्यासारखं काही असतं, असं कुणाला वाटतच नाही.

आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण, शांता, उरवड्यात दिलेली. तिने या वेळी विचारलं. पप्पांना नाही, मला. फोनवर.

"पिंट्या, तू शिकलेला हायेस. तुझ्या पप्पाला जरा इचारून बघ, रस्त्याकडचा एक गुंठा मला मिळंल का. पोराची कंपनी बंद पडलीया. टपरी तरी टाकंल."

"बोलतो ना आत्या, तू काळजी करू नको," मी म्हणालो. आणि बोललो नाही. आज बोलू, उद्या बोलू, पप्पांचा मूड बघून बोलू... खरं सांगायचं तर माझ्या डोळ्यांसमोर नवी गाडी होती.

आता मी लॅपटॉपवर खेळायचो त्या गेमकडे येतो, कारण घडलं ते त्यातच. माणसं बनवायची, त्यांना घर बांधून द्यायचं, नोकऱ्या लावायच्या, लग्नं लावायची, असा तो गेम आहे. त्यात एक चॅलेंज असतं : एकच घराणं दहा पिढ्या चालवायचं. प्रत्येक पिढीत एक वारस निवडायचा, तो घरात राहतो. बाकीची भावंडं मोठी झाली की घराबाहेर, आणि जाताना त्यांच्या हातावर काहीही ठेवायचं नाही. वारस मुलगीही चालते, खेळणारे खुशाल मुली निवडतात. मला मात्र हौस आली ती आपलंच घराणं उभं करायची. फोटोवरून मिशा जुळवून पणजोबा बनवले. त्यांना तीन मुली आणि एक मुलगा झाला. मुलाला आजोबांचं नाव दिलं. मुलींना नावं शोधायचा कंटाळा आला, म्हणून आपोआप नाव देणारं फाशाचं बटण दाबत गेलो. गेमने आपली इंग्रजी नावं टाकली. त्यात एक जेसिका होती, हे मला पक्कं आठवतं. मोठ्या झाल्या तशा एकेकीला बाहेर काढलं. मुलीला वारस करावं, हे डोक्यातसुद्धा आलं नाही.

एरवी बाहेर काढलेली माणसं कधीमधी भेटायला येतात, बेल वाजवतात, आत बोलावलं की आत येतात. या तिघी नुसत्याच फाटकाबाहेर येऊन उभ्या राहायला लागल्या. बेल वाजवायच्या नाहीत, बोलावलं तरी हलायच्या नाहीत. मी रविवारी दुपारी जेवणानंतर खेळायचो, गेम उघडला की तिघी हजर! पणजोबा गेले, अंगणात त्यांच्या समाधीचा दगड उभा राहिला, आजोबांचं लग्न लागलं... तरी या तशाच, एक केस पिकला नाही. म्हटलं बग आहे. फाइल तपासल्या, गेम काढून पुन्हा टाकला, खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर विचारलं. असं कुणीच पाहिलेलं नव्हतं.

सहीच्या आदल्या दिवशी आत्या मुक्कामाला आली. दुपारी आई-पप्पा तिच्यासाठी साडी आणायला गेले होते. मी लॅपटॉप घेऊन बसलो होतो, ती शेजारी येऊन टेकली. आता ही गुंठ्याचं विचारणार, या भीतीनेच मी घाईघाईने गेम दाखवायला लागलो. "हे बघ आत्या, आपले पणजोबा. हे आपलं घर."

"अगं बया! मिशा तर तशाच हायेत की मेल्या!" ती मनापासून हसली. मग चष्मा सारखा करून पुढे वाकली. "आन ह्या बाया कोण रं? उनात का उभ्या केल्यात?"

"त्या पणजोबांच्या मुली."

"नावं काय ठेवलीस?"

आता हिला जेसिका काय सांगू, असा विचार करतच मी पहिलीवर माउस नेला. वर इंग्रजी अक्षरांत नाव आलं — ठकू. मी दुसरीवर नेला. सोना. तिसरीवर नेला. हिरा. तिन्ही मी मोठ्याने वाचली. यातलं एकही नाव मी टाकलं नव्हतं. एकही मी आयुष्यात ऐकलं नव्हतं!

आत्याने तोंडावर पदर धरला. "तुला कुणी सांगितलं रं ह्यांचं?"

"कुणाचं?"

"माझ्या आत्या हायेत त्या. तुझ्या आज्याच्या बहिणी. हिराआत्या कोळवणला दिलेली, पयल्याच बाळंतपणात गेली. घरात कुणी नाव न्हाई काढलं पुन्हा. तुझ्या पप्पालाबी म्हाईत नसंल."

 तिने स्क्रीनवरच्या त्या तिघींना बोट लावून पाहिलं.

"आत का घेत न्हाईस त्यांला?"

"नियम आहे आत्या. एकानेच घरात राहायचं असतं." हे मी तिच्या तोंडावर म्हणालो! आजही आठवलं की जमीन दुभंगावी असं वाटतं.

ती रागावली नाही. "व्हय, नियमच हाय," म्हणाली. मग अगदी हळू विचारलं, "मी हाय का रं त्यात?"

"नाही. आजोबांना अजून मुलंच झाली नाहीत."

"बरं झालं बया. म्हंजी मी अजून आत हाय." आणि हसली.

तेवढ्यात आई-पप्पा आले. पप्पांनी कौतुकाने साडी उलगडली. "आक्के, रंग बघ. आवडला का?"

आत्ता नाही तर कधीच नाही, हे मला कळत होतं. मी तोंड उघडलंही. "पप्पा..."

"काय रं?"

"काही नाही. पावती ठेवा, ब्लाउजपीस बदलायचा झाला तर."

आत्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि साडीच्या काठावरून हात फिरवत बसली. दुसऱ्या दिवशी पौडला गाडी मीच चालवत नेली. कुठे सही करायची ते बोट ठेवून मीच दाखवलं. जेवणं झाल्यावर उरवड्याला सोडायलाही मीच गेलो. उतरताना तिने माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मला मान वर करवत नव्हती.

पुढच्या रविवारी गेम उघडला. मधल्या दिवसांत उघडलेलाच नव्हता. फाटकाबाहेर चौघी उभ्या होत्या. चौथीवर माउस न्यायची हिंमत व्हायला बराच वेळ लागला. शांता. आजोबांना त्या गेममध्ये तोपर्यंत एकही मूल नव्हतं.

गेम उडवला. लॅपटॉप एका हुशार मित्राला दाखवला, त्यालाही काही सापडलं नाही. बायको म्हणते नावं लहानपणी कानांवर पडली असतील, तूच टाकली असशील. असेलही. पण चौथी? आमच्या रोडटच तुकड्यावर आता बिल्डरने पत्रे ठोकलेत. तुमच्यापैकी कुणाला याचा उलगडा होत असेल तर सांगा, मला आजतागायत झालेला नाही.

परवा आत्याचा फोन आला. पोराला काम लागलं नाही अजून. गुंठ्याचा विषय तिने काढला नाही. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "पिंट्या, त्या बाया अजून उभ्या हायेत का रं?"

"हो," मी म्हणालो.

"आन मी?"

"नाही आत्या," मी म्हणालो. "तू आत आहेस."