करवंदपाड्याचा तारांकित प्रश्न

शेवंताबाई दुमाडाच्या दारातून पाणी न पिता कुणी परत गेलं, असं करवंदपाड्यावर कुणालाच आठवत नाही. गणेशपुरीच्या मागच्या डोंगरावर हा पाडा. खाली गरम पाण्याच्या कुंडांत लोक लांबून येऊन अंग शेकतात आणि वर प्यायला पाणी नसतं. ओढा दिवाळीनंतर आटतो. मग त्याच्या कोरड्या पात्रात खड्डा खणायचा, त्याला डवरा म्हणतात, आणि त्यात झिरपणारं पाणी वाटीवाटीने हंड्यात भरायचं. लग्न होऊन आल्यापासून शेवंताबाई हेच करते आहे. दुसऱ्याच्या शेतात भात लावायला, झोडायला जायचं, ते या पाण्याआधी नाहीतर नंतर. आणि असं आणलेलं पाणी ती आल्यागेल्याला तांब्या भरून देते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यातलं अर्धं मी खुशाल पायांवर ओतलं होतं. ते कुठून येतं हे कळल्यावर तोंड लपवायला जागा उरली नाही.

मी धम्मदिना. भिवंडीत आमच्या आमदारांच्या कार्यालयात काम करते. खिडकीबाहेर दिवसभर लूमचा खडखडाट, आत माझा संगणक. अधिवेशन जवळ आलं की सरकारला विचारायचे प्रश्न मी टाइप करते. 'हे खरे आहे काय?' असाच प्रत्येक प्रश्नाचा शेवट. मंत्री सभागृहात उभं राहून ज्याचं तोंडी उत्तर देतात, आणि ज्यावर आमदारांना उलट प्रश्न विचारता येतात, तो तारांकित प्रश्न. उत्तर मंत्री देतात, पण ते येतं खालून. प्रश्न मंत्रालयातून जिल्ह्यात, जिल्ह्यातून तालुक्यात उतरतो, कुणीतरी साहेब जीप काढून जागेवर जाऊन येतो, आणि तो जे लिहील ते परत पायऱ्या चढत मंत्र्यांच्या हातात पडतं. बहुतेक वेळा पडतं ते 'हे खरे नाही.' इतक्या वर्षांत मला ते तीन शब्द दिसले की डोकंच उठतं.

करवंदपाड्याचा प्रश्न मीच लिहिला होता. पाड्यावर नळयोजना पूर्ण झाल्याचं कागदावर दाखवून खर्चही टाकला आहे, पण नळाला पाणी आलेलं नाही, हे खरे आहे काय? यात खरं नसण्यासारखं काही नव्हतंच. नळ पाड्याच्या तोंडाशी उभा होता. लहान पोरं त्याच्या तोटीत चिंचोके भरून खेळायची.

प्रश्न कामकाजाच्या यादीत लागला आणि साहेब पाहणीला येणार असं पाड्यावर कळलं. इतका मोठा अधिकारी तिथे आजवर चढून आला नव्हता. शेवंताबाईने बायकांना कामाला लावलं. नळाभोवतीची जमीन शेणाने सारवली. पहाटेपासून डवऱ्यावर बसून हंडे भरले, घासूनपुसून नळाजवळ ओळीने मांडले. पाहुणा डोंगर चढून येणार, त्याने आधी हातपाय धुवायला नकोत? घरात त्या दिवशी कुणी अंघोळ केली नाही.

साहेब आले, घामाने निथळत होते. हातपाय धुतले, तोंडावर पाणी मारलं, दोन तांबे प्यायले. मग सुखाने विचारलं, "पाणी भरपूर आहे ना, बाई?"

पाहुण्याने असं विचारल्यावर घरची बाई काय सांगणार? "हाय हाय, साहेब. भरपूर हाय. पोटभर प्या," शेवंताबाई म्हणाली.

साहेबांनी हंड्यांचा फोटो काढला आणि ते उतरले. त्यांनी तोटी फिरवूनही पाहिली नाही. शेवंताबाईला मात्र पाहुणचार नीट झाल्याचा इतका आनंद, की तिने मला फोन लावून सांगितलं. मी कामाच्या गडबडीत होते. "छान झालं," म्हणून ठेवून दिला. तेव्हाच माझ्या टाळक्यात उजेड पडायला हवा होता.

प्रश्न सभागृहात यायचा होता त्या दिवशी मी आमदारसाहेबांना सांगून शेवंताबाई आणि तिचा नवरा जानू यांच्यासाठी विधानसभेच्या गॅलरीचे पास काढले. आपल्या पाड्याचं नाव तिथे घेतलं जाताना त्यांनी ऐकावं, एवढीच माझी हौस. गाडीत शेवंताबाई नवं लुगडं सावरून बसली होती. निघण्याआधी तिने वाघोबाच्या दगडाला नारळ फोडला होता आणि त्याचं खोबरं ड्रायव्हरलासुद्धा दिलं होतं.

गॅलरीत बोलायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, हे मी दोघांना बजावलं होतं. आमचा प्रश्न पुकारला गेला. मंत्री उठले आणि म्हणाले, "अध्यक्ष महोदय, हे खरे नाही." पुढे वाचलं, की स्थळपाहणीच्या वेळी नळाजवळ पाण्याने भरलेले हंडे आढळले, पाणी भरपूर असल्याचे श्रीमती शेवंता जानू दुमाडा या ग्रामस्थ महिलेने स्वतः सांगितले, आणि त्याचं छायाचित्र उपलब्ध आहे.

समोरच्या बाकांवर हशा पिकला. "मग प्रश्न कशाला विचारता?" कुणीतरी ओरडलं. आमच्या आमदारसाहेबांचा चेहरा उतरला. पण ते हटले नाहीत. हंड्यात पाणी होतं, पण नळाला होतं का, ते कुणी पाहिलं, असा त्यांनी उलट प्रश्न टाकला. मंत्र्यांनी हातातले कागद उलटेपालटे केले. अध्यक्षांनी फेरपाहणी करायला सांगून प्रश्न राखून ठेवला. म्हणजे दार किलकिलं राहिलं. दुसऱ्या पाहणीतही तेच लिहून आलं असतं तर करवंदपाड्याचं पाणी कायमचं बुडालं असतं.

मी शेजारी पाहिलं. शेवंताबाईने पदर पार नाकापर्यंत ओढला होता. एवढ्या मोठ्या दालनात तिचं पूर्ण नाव घेतलं गेलं होतं, आणि ते खोट्या साक्षीसाठी. परतीच्या वाटेवर गाडी भिवंडीजवळ अंजूरफाट्याला आली. तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ताय, मी तं पाव्हन्याला पानी दिलं." जानू खिडकीबाहेर बघत राहिला.

पाड्यावर तिला कुणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. डवऱ्यावर ती आली की बायका गप्प व्हायच्या. कमळा म्हणून तिची जाऊ आहे, तिनेच काय ते तोंडावर म्हटलं, "आता साहेब आला तं तू घरातच ऱ्हा, बाय. तुजा हात लय मोकला." तेव्हापासून शेवंताबाई मान वर करून चालेनाशी झाली. दापोड्याच्या गोदामात हमाली करणारा तिचा मुलगा सणाला घरी आला, त्यालाही तिने आपणहून काही सांगितलं नाही. पाड्याने ठरवलं, की पुन्हा कुणी आलं तर हंडे उपडे ठेवायचे आणि कुणालाही थेंबभर पाणी दाखवायचं नाही.

फेरपाहणी भर एप्रिलात, न कळवता झाली. यावेळी वैशाली नावाची तरुण इंजिनीअर बाई आली. आमदारांच्या वतीने मी तिच्याबरोबर होते. बाई मोठ्या हुशारीची निघाली. ती आधी ओढ्यात उतरली, डवऱ्याभोवती वाट्या घेऊन बसलेल्या बायका पाहिल्या, त्यांच्याशी बोलली. मग वर येऊन नळ सोडला. तोटीतून हवासुद्धा आली नाही. तिथेच उभ्या उभ्या तिने सगळं लिहून घेतलं, फोटो काढले. काम संपलं होतं. आमच्या बाटल्या चढणीवरच रिकाम्या झाल्या होत्या. सावली म्हणून आम्ही शेवंताबाईच्या ओट्यावर टेकलो.

शेवंताबाईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती घरातून बाहेर आली, आणि माझ्याबरोबर सरकारी बाई आहे हे पाहून दारातच थबकली. वैशालीने कपाळ पुसलं आणि म्हणाली, "मावशी, घोटभर पाणी मिळेल का?"

मी बोलायला तोंड उघडलं होतं. 'द्या, द्या, हरकत नाही,' असं म्हणायचं होतं. पण शेवंताबाई माझ्या आधी बोलली. "न्हाय, बाय. पानी न्हाय."

तेवढ्यात आतून आवाज आला. तापाने पडलेला जानू पाणी घ्यायला उठला होता. माठावरचं झाकण सरकलं, पेला बुडाला, पाणी निथळलं. त्या शांत दुपारी ते तिघींनाही स्पष्ट ऐकू आलं.

वैशालीने शेवंताबाईकडे पाहिलं. शेवंताबाईने तिच्याकडे पाहिलं नाही. ती जमिनीकडे बघत दाराची चौकट घट्ट धरून उभी होती. "असू दे, मावशी," वैशाली हळूच म्हणाली, चपला घातल्या आणि उतरायला लागली. मीही तिच्या मागे निघाले. थांबून शेवंताबाईला सांगायला हवं होतं, की अहो, तिचं सगळं लिहून झालं होतं, तिला नुसती तहान लागली होती. पण शेवंताबाईच्या तोंडाकडे बघायची माझी छाती झाली नाही. वाटेत वैशालीला मी समजावून सांगितलं, तिने ऐकून घेतलं, आणि गणेशपुरीच्या स्टँडवर ती एकामागून एक दोन बाटल्या पाणी प्यायली.

अहवाल खरा गेला. पुढच्या अधिवेशनात मंत्री म्हणाले, "होय, हे खरे आहे." आमच्या कार्यालयात आम्ही पेढे वाटले. कामं सुरू झाली, पंप बसला, आणि थंडीत एके सकाळी करवंदपाड्याच्या नळाला पाणी आलं. मी गेले तेव्हा पोरं तोटीखाली नाचत होती. कमळाने शेवंताबाईला ओढून पुढे आणलं आणि पहिला हंडा तिलाच भरायला लावला. सगळं विसरून झालं होतं. निदान बाकीच्यांचं.

शेवंताबाईने मला ओट्यावर बसवलं. तांब्या आणला, आणि त्याबरोबर एक नवा कोरा पेलाही. वज्रेश्वरीच्या बाजारातून मुद्दाम आणलेला दिसत होता, त्यावरची चिकटपट्टीही निघाली नव्हती. पेला तिने माझ्यापुढे न ठेवता बाजूला ठेवला.

"ती बाय कवा येनार?" तिने विचारलं.

वैशालीची बदली झाली होती. पण तसं नसतं तरी ती आली नसती. तक्रार असेल तिथे अधिकारी येतात. पाणी आलं, प्रश्न मिटला, आता पाहायला कोण येणार? मी हे तिला सांगितलं. फोनवर बोलणं करून देते म्हटलं. तिने मान हलवली.

"फोनवर कसं देऊ पानी?" ती म्हणाली. पेला पदराने पुसला, परत ठेवला. मग माझ्याकडे वळून, अगदी मनापासून तिने विचारलं, "तूच लिवतंस ना ते प्रश्न? मंग तिला परत आनाया कंचा प्रश्न टाकायचा, सांग."