चर्चमधला चौथरा

घराचा पत्ता सांगताना मी अजूनही 'जुनं चर्च' असंच सांगतो. दुसरं काही सांगितलं तर पार्सलवाला पोहोचत नाही. गाव आमचं परभणी जिल्ह्यातलं, तालुक्याचं. इथल्या ख्रिस्ती मंडळींनी बायपासकडे नवं, मोठं चर्च बांधलं आणि गावाच्या कडेची ही जुनी इमारत विकायला काढली. दोन-दोन फुटांच्या दगडी भिंती, वर कौलं, कमानीच्या खिडक्या आणि आत एकच लांबलचक दालन. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. मास्तराने असलं काही विकत घ्यावं का, यावर सगळ्या नातेवाइकांचं मत माझ्यापर्यंत पोहोचलं होतं. मी कुणाचं ऐकलं नाही. ऐकण्याची सवय मला आधीपासूनच नाही.

घर हवं होतं ते वडलांसाठी. वडलांना आम्ही दादा म्हणतो. राणीसावरगावच्या पलीकडे आमचं खेडं, तिथल्या महादेवाचे ते गुरव. जन्मभर पिंडीला पाणी घातलं, घरोघर बेल पोहोचवला. आई गेल्यावर एकटे राहिले आणि हळूहळू विसरायला लागले. पूजा करून घरी यायचे, हातपाय धुवायचे आणि पूजा राहिली म्हणून पुन्हा देवळात जायचे. पुढे पूजा चुलतभावाकडे गेली, तरी दादांच्या खेपा चालूच. एकदा शेताच्या वाटेवर सापडले, हातात रिकामा तांब्या. चुलतभावाचा फोन आला, "दादाला घेऊन जा बाबा. आमच्यानं आता व्हईना."

आम्ही भाड्याने राहत होतो ते दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. उन्हाळ्यात तर परभणीकडचं ऊन म्हणजे पंखा गरम हवा ढवळत बसायचा. चर्च जमिनीलगत होतं, थंडगार होतं. मला एवढंच दिसलं.

किल्ली देण्याच्या दिवशी त्यांचे पाळक पाच-सहा माणसांना घेऊन आले. त्यांनी उभ्याने एक प्रार्थना म्हटली, भिंतीवरचा क्रूस उतरवला, दारावरची घंटा सोडवली आणि मला म्हणाले, "सर, आता ही नुसती इमारत आहे. निर्धास्त राहा." मी निर्धास्त राहिलो. इतक्या सुटसुटीतपणे देव हलवता येतो, याचं मला कौतुकच वाटलं होतं.

काम दोन महिने चाललं. दालनाच्या एका बाजूला भिंत घालून दोन खोल्या काढल्या. पाळकांच्या लहान खोलीत स्वयंपाकघर केलं, मागच्या अंगाला न्हाणीघर आणि संडास. राहिला तो दालनाच्या टोकाचा चौथरा. दोन पायऱ्या चढून जायचा, दगडी, वर गोल खिडकी. तिथून वारा छान येत असे. बायको दादांना मामा म्हणते. ती म्हणाली, मामांचा दिवाण इथंच टाकू. मला ते पटलं. आयुष्यात पहिल्यांदाच आपण काहीतरी शहाणपणाचं करतोय असं वाटलं.

दादांना आणलं तेव्हा त्यांनी फाटकापाशीच चपला काढल्या. नळावर पाय धुतले. दारात उभे राहिले आणि उजवा हात वर नेला, घंटा वाजवायला. घंटा नव्हती. हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला. मग आत बघत त्यांनी मला विचारलं, "पुजारी कोन हाय रं हितला?"

"दादा, हे आपलं घर आहे," मी म्हणालो.

"हां," ते म्हणाले, आणि भिंतीला टेकून मांडी घालून बसले, कीर्तनाला आल्यासारखे.

दिवाणावर ते एकदाही झोपले नाहीत. गाभाऱ्यात कुणी झोपतं का? आमच्या महादेवाच्या गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावं लागतं, इथं चढून. तेवढा फरक त्यांनी चालवून घेतला होता. दाराशी चटई टाकून झोपायचे, तेही चौथऱ्याकडे पाय होणार नाहीत असे. दालनात घास खायचे नाहीत, ताट घेऊन बाहेर ओसरीच्या पायरीवर बसायचे. सकाळी आंघोळ झाली की कुंपणाची कण्हेरीची फुलं तोडून आणत आणि दिवाणाच्या कोपऱ्यावर वाहत. गादीवर रोज तीन-चार फुलं आणि ओला डाग. बायको हसायची. मी चिडायचो.

चिडायचं खरं कारण वेगळं होतं. देवाला पाठ दाखवायची नाही, ही गुरवाची रीत. पूजा झाली की दादा हात जोडून मागं मागं चालत यायचे. चौथऱ्याच्या दोन पायऱ्या मागं उतरायच्या आणि अख्खं दालन मागं चालत दारापर्यंत. मधे खुर्च्या, शिलाई मशीन, पाण्याचं पिंप. आम्ही सगळं भिंतीला लावलं, दालन पुन्हा चर्चसारखं मोकळं केलं, पण पायऱ्या कुठं लावणार? कधी धरायला जावं तर हात झटकायचे. पूजेत शिवू नये म्हणून.

मी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं. वर्गात चाळीस पोरांना गप्प बसवणारा माणूस मी, घरात एका म्हाताऱ्यापुढे हात टेकले. शेवटी पाळकांनाच बोलावलं. म्हटलं, तुमचं तुम्हीच सांगा. भला माणूस, लगेच आला. दादांच्या शेजारी चटईवर बसला आणि म्हणाला, "बाबा, हितं आता देव न्हाई. आमी नव्या जागी गेलोत. आन् देव काय दगड-इटात राहत न्हाई."

दादांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मंग इतकी वर्षं तुमी हितं कुणाला हाका मारल्या?"

पाळकांना हसू आलं.

त्यानंतर आठ दिवसांनी दादा दुसऱ्या पायरीवरून मागं पडले. डोक्याला चार टाके. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि म्हणाले, या खेपेला वाचले. या वयात खुब्याचं हाड मोडलं तर पुन्हा उठायचे नाहीत, काय ती व्यवस्था करा. मी घरी येता येताच मिस्त्रीला फोन लावला. चौथरा फोडायचा, फरशी सपाट करायची.

बायको म्हणाली, "त्या दिवशी मामांना कुठंतरी घेऊन जावा. पेडगावला माझ्या भावाकडं ठेवू दोन दिवस." चांगलं सांगत होती. मी म्हणालो, "त्यांना काय कळतंय." हे वाक्य मी बोललो. ते परत घेता आलं असतं तर मी काहीही दिलं असतं.

मिस्त्री आला. त्याने चपला बाजूला काढल्या, चौथऱ्याला हात लावून कपाळाला लावला आणि मग घण उचलला. मी त्याच्यावरही खेकसलो, नाटकं पुरे म्हणून. "सर, काम चुन्यातलं हाय, लय पक्कं," एवढंच तो म्हणाला. दिवसभर लागला. दादा दाराशी चटईवर बसून होते, डोक्याला पट्टी. आरडाओरडा करतील म्हणून मी शाळेला रजा टाकली होती. ते जागचे हललेही नाहीत. जेवायला उठले नाहीत. दुपारी मिस्त्री पाणी प्यायला दाराशी गेला तेव्हा त्यांनी त्याला हळूच विचारलं, "कामून फोडायलाव? कुणी सांगितलं?"

मिस्त्रीने मान वळवून माझ्याकडे बघितलं. दादांनीही बघितलं.

चौथऱ्याच्या जागी आता सपाट शहाबादी फरशी आहे. धोका टळला. दादा फुलं तोडत नाहीत, मागं चालत नाहीत, माणसासारखे सरळ चालतात. दिवाणावर झोपतात, पाय कुठंही करतात. दालनात बसून जेवतात. मला जे जे हवं होतं ते सगळं झालं. करायला गेलो गणपती अन् झाला मारुती, असं म्हणायचीही सोय नाही, कारण गणपतीच झाला आहे.

फक्त माझ्या हातचं पाणी ते घेत नाहीत. बायकोच्या हातचं घेतात, तिला 'बाई' म्हणतात. मी समोर आलो की उठून उभे राहतात आणि मला 'साहेब' म्हणतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, विसरण्याचा आजार वाढला. डॉक्टरही तसंच म्हणाले. असेलही. पण ते पाळकांना ओळखतात, मिस्त्रीला ओळखतात, चुलतभावाचा फोन आला तर त्याच्या म्हशीची चौकशी करतात. मला एकट्यालाच ते विसरले आहेत. याच्यावर कुठल्या दवाखान्यात जायचं ते मला माहीत नाही. मी रागावू शकत नाही, कारण रागावणारा साहेब त्यांना आणखी खरा वाटतो. पाया पडलो तर घाबरून पाय आखडून घेतात.

परवा शाळेतून आलो तर दिवाणावर बसून माझी वाटच बघत होते. उभे राहिले. म्हणाले, "साहेब, एक काम हुतं."

"सांगा ना."

"माझा लेक मास्तर हाय, जिल्हा परिषदेत. तेला जरा निरोप धाडा. मला घिऊन जा म्हणावं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हितं देव फोडलाय, हेबी सांगा तेला. तेला असलं खपत न्हाई."

मी म्हणालो, "कळवतो."

काल त्यांनी विचारलं, कळवलं का. मी हो म्हणालो. आज सकाळी आंघोळ करून, धोतर नेसून, पिशवी भरून ते दाराशी जाऊन बसले. मी शाळेला निघालो तेव्हा त्यांनी मला वाट दिली आणि विचारलं, "निघालाय का वो तो?"

"निघालाय," मी म्हणालो, आणि गाडीला किक मारली.