फाट्यावरच्या फ्लेक्समधल्या काकू

आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नाही. वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर काम करतात आणि मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. एवढ्या बळावर लोकांनी वाचावं असं काही लिहायला बसणं मला स्वतःलाच आगाऊपणाचं वाटतं. पण बोलायला गेलो की मी रागाने अडखळतो, समोरचा हसतो आणि सांगायचं राहून जातं. म्हणून लिहितो आहे.

कॉलेजातले आम्ही काही जण सोलापुरातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या गेटजवळ टेबल टाकून बसायचो. खेड्यातून कॅन्सरच्या इलाजाला येणाऱ्यांना जाण्यायेण्याचं भाडं द्यायचं, एवढंच काम. इलाज सरकारी योजनेतून मोफत. हा शब्द तिथल्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिला आहे आणि तो वाचला की माझं डोकं फिरतं. शेक घ्यायला, म्हणजे रेडिएशनला, कित्येक आठवडे रोज यावं लागतं. मशीनखाली पेशंट काही मिनिटंच असतो. त्यासाठी वाडीवरून वडापच्या जीपने अक्कलकोट, तिथून एसटी, स्टँडवरून रिक्षा, आणि परत तसंच. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. वडापला आणि रिक्षाला अर्धं काही नसतं. सोबत येणाऱ्याचा रोजगार बुडतो तो वेगळाच. ऑपरेशन फुकट झालेली माणसं शेक अर्धवट टाकून घरी बसतात, ती भाड्यापायी.

अक्कलकोट तालुक्यातल्या एका वाडीवरच्या काकू अशाच सोडायच्या बेतात होत्या. छातीतली गाठ काढलेली. घरात कानडी बोलायच्या आणि मला तम्मा म्हणायच्या, म्हणजे धाकटा भाऊ. डॉक्टरांनी माझ्यासमोर बजावलं होतं की मध्ये खंड पडता कामा नये, नाहीतर आजार परत डोकं वर काढेल. त्यांच्या लेकीचं लग्न जमत आलं होतं. म्हणून गावात त्यांनी सांगून ठेवलं होतं की पाठ दुखते, सोलापूरला पाठीच्या डॉक्टरकडे जाते.

"कुटं बोलू नको हं, तम्मा. पोरीचं व्हायचंय."

आम्ही देत होतो ते पैसे आमचे नव्हते. एका पुढाऱ्याचे होते. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. त्यांचा माणूस अधूनमधून बॅनर आणि फोन घेऊन यायचा आणि पाकीट देताना फोटो काढायचा. काकूंच्या वेळी तो म्हणाला, "मावशी, पदर जरा मागं घ्या. तोंड दिसू द्या."

"यांचा राहू दे की," मी म्हणालो.

"का? ह्या काय पाकिस्तानच्या गुप्तहेर हायेत?"

सगळे हसले. काकूंनीच मला गप्प केलं. "असू दे, तम्मा. आधारला काढला, रेशनला काढला, हितं ऑपरेशनच्या आदी बी काढला. फोटूबिगर कुटं काय मिळतंय?"

त्यांना वाटलं, हाही दवाखान्याच्या फाइलीला लागतो. त्यांनी पदर मागे घेतला आणि आधारच्या कॅमेऱ्यापुढे बसतात तशा ताठ बसल्या, हसू न आणता.

थोड्या दिवसांनी भाऊंचा वाढदिवस आला आणि वाडीच्या फाट्यावर, वडाप थांबतं तिथेच, फ्लेक्स लागला. मधे हात जोडलेले भाऊ, कडेने कार्यकर्त्यांची गोल गोल तोंडं, खाली पाकीट धरलेल्या काकू. वर लिहिलेलं, कॅन्सरग्रस्त भगिनींना भाऊंचा आधार. मुलाकडचे पाहुणे सुपारी फोडायला आले, ते रस्ता विचारायला त्याच फाट्यावर उतरले. घरी आले, चहा प्यायले, पुढच्या महिन्यात बघू म्हणाले आणि गेले.

हे मला काकूंच्या नवऱ्याने फोनवर सांगितलं. "ती येणार न्हाय आता. तुमचं भाडं बी नको."

मागून काकूंचा आवाज येत होता, "ब्याडा, ब्याडा." नको, नको.

मी सात रस्त्याजवळच्या भाऊंच्या ऑफिसात गेलो. फोटो काढणारा तो माणूस वडापाव खात होता. म्हटलं, फ्लेक्स काढा, एका बाईचा शेक बंद पडलाय.

"अरे, फोटो नसला तर भाऊंनी दिले हे लोकांना कळणार कसं?"

"लोकांना कशाला कळायला पाहिजे?"

"कॉलेजला जातोस ना? मग एवढं कळत नाही?" त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "आणि तुझ्या बापाचे पैसे आहेत का रे?"

मी काहीतरी पुटपुटलो. काय, ते आता आठवतही नाही. राग असा तोंडात अडकतो माझा.

मग मित्राची गाडी घेऊन वाडीवर गेलो. लेक दारात आली, आई झोपलीय म्हणाली आणि दार ओढून घेतलं. आतून भांड्यांचा आवाज येत होता. परत येताना फाट्यावर फ्लेक्स तसाच होता, वाढदिवस कधीच होऊन गेलेला. मी गाडीची किल्ली घालून तो खालपासून वरपर्यंत फाडला.

वडापचा ड्रायव्हर जीपला टेकून बघत होता. "भाऊ फाटले की ओ."

"फाटू द्या."

"फाडा. पर ह्या फाट्यावरच्या समद्यांनी वाचून झालंय ते."

त्यानंतरही मी टेबलावर बसत राहिलो, कारण बाकीच्यांना भाडं लागत होतंच. भाऊंचा माणूस येत राहिला. मी फोटोला ना म्हणालो की तो पाकीट परत खिशात घालायचा, आणि समोरचा म्हातारा मलाच म्हणायचा, "काढू दे की लेकरा, आमचं काय जातंय?" रोज एसटीच्या वेळेला मी गेटमधून येणारी बायामाणसं बघायचो. काकू दिसल्या नाहीत. त्यांच्या घरी फोन लागत नव्हता. मी मनात त्यांना मारूनच टाकलं होतं.

दिवाळीनंतर लेकीचा फोन आला.

"आईनं सांगायला सांगितलं. तिचा शेक पुरा झाला."

कसा, म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, स्थळ तर मोडलंच, मग लपवायचं काय राहिलं? शेरडं विकली आणि तीच आईला घेऊन येत होती. मधे खंड पडला म्हणून डॉक्टर लई बोलले, पुढं काय होतंय ते तपासणीत कळंल म्हणाले.

"पण मी रोज गेटवर होतो," मी म्हणालो. "मला कशा दिसला नाहीत?"



"मागच्या गेटनं येत होतो," ती म्हणाली. "तुमच्या टेबलापुढनं जायला आईला भ्या वाटायचं."