श्रावणातली दाढी आणि एन-९५

डॉ. काळे आयसोलेशन रूमच्या दारात उभे होते. गाऊन, ग्लोव्हज, एन-९५ मास्क, सगळं चढवून. मी म्हटलं, "जोरात श्वास सोडा." त्यांनी सोडला. चष्म्याच्या काचा पांढऱ्या झाल्या.

"हवा निसटतेय. असं आत जाता येणार नाही."

स्वाइन फ्लू तेव्हा पुण्यात नवा होता. नगर रोडवरच्या एका हॉस्पिटलमध्ये मी इन्फेक्शन कंट्रोल नर्स होते. पेशंटचा आजार स्टाफला लागू नये, हे बघणं माझं काम. आत वाघोलीच्या होस्टेलवरचा एक मुलगा होता. ऑक्सिजन लावूनही त्याला धाप लागत होती. श्वासनलिकेत नळी घालावी लागणार होती. नळी घालताना व्हायरस थेट समोरच्याच्या तोंडावर उडतो. आणि ते काम करणारे भूलतज्ज्ञ त्या वेळी एकटे डॉ. काळेच होते.

त्यांनी दुसरा मास्क लावला. काचा पुन्हा पांढऱ्या.

"हा लॉटच खराब आलाय."

"मास्क ठीक आहेत. दाढी काढा."

त्यांच्या घरी श्रावणात दाढी करत नाहीत. अर्ध्या श्रावणाची दाढी मास्कखाली दाटली होती. केसांच्या फटींतून हवा आत शिरते.

"अहो मॅडम, या आजारावर सगळ्या स्टाफला लेक्चर मीच दिलंय."

"छान होतं. मास्क चेहऱ्याला चिकटून बसला पाहिजे, हे तुम्हीच सांगितलंत. तुमचा दाढीला चिकटलाय."

"आईला काय सांगू? महिनाभर बोलणार नाही ती."

"त्यांना दमा आहे ना? बोलल्या नाहीत तरी चालेल. खोकायला नकोत."

तेवढ्यात आतून सिस्टरनं हाक दिली, "सॅच्युरेशन उतरतंय!" म्हणजे रक्तातला ऑक्सिजन. ऑपरेशनआधी पेशंटचे केस काढायला वॉर्डात रेझर असतात. मी एक पुढे केला. डॉक्टर बेसिनकडे धावले. साबण, गार पाणी, मग नवा मास्क. श्वास सोडला. काचा स्वच्छ.

"जा."

नळी पहिल्याच प्रयत्नात गेली.

मुलगा बरा होऊन होस्टेलवर परतला. डॉक्टरांना साधी सर्दीही झाली नाही. आईंनी अबोला मात्र धरलाच.

पुढच्या लेक्चरमध्ये डॉक्टरांनी दाढीचं एक वाक्य वाढवलं. मी मास्कच्या ट्रॉलीवर रेझर ठेवले. वाक्य सगळ्यांनी लिहून घेतलं. दाढी मात्र दारात अडवल्यावरच केली.