माउसचे चार गुण

त्या दिवशी जोडीदार पिंकी आली नव्हती, म्हणून कमलेशजी कॉम्प्युटरसमोर एकट्याच बसल्या होत्या. आदल्या दिवशी टाइप केलेलं पत्र उघडायचं होतं. त्यांनी माउसचं बटण दोनदा दाबलं, पण दोन दाबांच्या मध्ये हात सरकला आणि फाइलचं नाव बाणाबरोबर बाजूला घसरलं. पुन्हा तेच झालं. मग त्यांनी माउस उचलून हवेतच फिरवला आणि बाण का हलत नाही म्हणून माझ्याकडे पाहिलं.

मी नेहमीसारखा वाकलो आणि फाइल उघडून दिली.

"थँक्यू, सर," त्या म्हणाल्या.

माझ्या आईच्या वयाची बाई मला सर म्हणायची तेव्हा मला अवघडल्यासारखं व्हायचं. पण त्या दिवशी अवघडण्याचं कारण वेगळं होतं. कोर्स निम्म्याहून जास्त संपला होता, असाइनमेंटमध्ये कमलेशजींचे गुण वर्गात सगळ्यांत वरचे होते, आणि त्यांना फाइल उघडता येत नव्हती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नोएडात नवनवे सेक्टर उभे राहत होते आणि प्रत्येक सेक्टरच्या मार्केटमध्ये, मिठाईच्या किंवा औषधांच्या दुकानाच्या वर, एक कॉम्प्युटर इन्स्टिट्यूट असायची. अशाच एका ठिकाणी मी पार्टटाइम फॅकल्टी होतो. दिल्लीत एम.ए. करत होतो, करोल बागेत दोघा मित्रांबरोबर खोली घेऊन राहत होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे कुणी मला फॅकल्टी म्हणालं की ते दुसऱ्या कुणाबद्दल बोलतायत असं वाटायचं.

कमलेशजी कपड्यांच्या एका एक्सपोर्ट कंपनीत टायपिस्ट होत्या. कंपनीत टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर येणार होते. साहेबांनी सांगितलं होतं, कोर्सचं सर्टिफिकेट आणा, नाही तर पॅकिंगला बसा. पॅकिंगला म्हणजे दिवसभर उभं राहून शर्टांच्या घड्या. त्यांच्या गुडघ्यांना ते झेपणारं नव्हतं.

गुण वर कसे होते, ते सोपं आहे. आमच्याकडे एका कॉम्प्युटरवर दोघं बसायचे. असाइनमेंट दोघांची मिळून एक, गुण दोघांना सारखे. कमलेशजींची जोडीदार पिंकी बी.कॉम.ला होती, हाताची चपळ आणि मनाची चांगली. "आंटी, आप बोलो, मैं कर देती हूँ," असं म्हणून ती सगळं करून टाकायची. पिंकी अडली की मी करून द्यायचो. कमलेशजींचं काम फक्त बघत बसायचं.

मी आमचे ब्रँच हेड सेठी सर यांच्याकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बेचारी की नौकरी का सवाल है, यार. पास कर दो. सर्टिफिकेट ही तो चाहिए."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर हायसंही वाटलं.

शेजारच्या टेबलावर भाटिया मॅडम पेपर तपासत होत्या. शाळेतून गणिताच्या शिक्षिका म्हणून रिटायर होऊन त्या आमच्याकडे सीनिअर फॅकल्टी झाल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "और सोमवार को दफ़्तर में उसका माउस कौन पकड़ेगा? तुम?"

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या लॅबमध्ये येऊन मागे बसल्या. सगळा तास काही बोलल्या नाहीत. मुलं गेल्यावर म्हणाल्या, "वानखेडे, तुम बहुत अच्छे लड़के हो. इसीलिए यहाँ कोई कुछ सीख नहीं रहा."

मग त्यांनी मला चार गोष्टी सांगितल्या. लॅबमध्ये फिरताना हात पाठीमागे बांधायचे आणि विद्यार्थ्याच्या माउसला बोट लावायचं नाही. जोडीतल्या एकाने फक्त हात चालवायचे, दुसऱ्याने फक्त तोंड, आणि अर्ध्या तासाला खुर्च्या बदलायच्या. असाइनमेंट जोडीने केली तरी गुण देताना प्रत्येकाला एकटं बसवायचं.

"और 'समझ में आया?' कभी मत पूछना. सब 'जी सर' बोलेंगे. तुमने नहीं बोला कभी?"

मी शाळेत दहा वर्षं दुसरं काही बोललोच नव्हतो.

ऐकायला हे सोपं होतं. पण मोठं माणूस समोर धडपडत असताना हात मागे बांधून उभं राहायचं, हे आमच्याकडे उद्धटपणात मोडतं. पहिल्याच दिवशी कमलेशजींनी हळूच विचारलं, "सर, मुझसे नाराज़ हैं क्या?"

"नहीं जी," मी म्हणालो. पिंकी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. "आंटी, जल्दी करो, मेरे हाथों में खुजली हो रही है."

आठवडाभर फारसं काही झालं नाही. माउस त्यांच्या हातात वळतच नव्हता. मग एका दुपारी त्यांनी स्क्रीनच्या वरच्या पट्टीकडे बोट दाखवलं. तिथे फाइल, एडिट वगैरे शब्द असतात. "सर, हर शब्द में एक अक्षर के नीचे लकीर क्यों है?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. मी म्हणालो, "आपको क्या लगता है?"

त्यांनी एफ दाबला. पत्रात एफ उमटला. पिंकी हसली, त्याही हसल्या. शिफ्ट धरून दाबला, मोठा एफ उमटला. कंट्रोल धरून दाबला, भलतीच खिडकी उघडली. ती पिंकीने तोंडाने सांगून बंद करवली. मग त्यांनी ऑल्ट धरून एफ दाबला आणि मेनू खाली उघडला.

कमलेशजींनी तो मेनू बंद करून पुन्हा उघडला. मग पुन्हा. संध्याकाळपर्यंत त्या फाइल उघडत होत्या, सेव्ह करत होत्या, शिफ्ट आणि बाणांची बटणं धरून ओळी निवडत होत्या. हात कीबोर्डवरून हलत नव्हते.

परीक्षेच्या आठवडाभर आधी भाटिया मॅडमनी असेसमेंट शीट बोर्डावर लावलं. काय काय करून दाखवायचं आणि त्याला किती गुण, याचा तो तक्ता. तो हेड ऑफिसकडून यायचा आणि एरवी परीक्षेपर्यंत कपाटातच राहायचा. एकूण वीस गुण, पास व्हायला बारा. त्यात दोन ओळी होत्या: माउसने फाइल उघडणे, दोन गुण. माउसने मजकूर निवडणे, दोन गुण.

परीक्षा घ्यायला हेड ऑफिसचा एक तरुण एक्झामिनर आला. कमलेशजींनी पत्र वेळेच्या बरंच आधी पुरं केलं. समास, तारीख, ठळक मथळा, सगळं जागच्या जागी.

"मैडम, माउस?" त्याने विचारलं.

"जी, उसके बिना हो गया."

त्याने शीटकडे पाहिलं आणि दोन ओळींवर काट मारली. मला राहवलं नाही. काम तर झालंय ना, असं मी म्हणालो. माझा आवाज जरा चढलाच.

"शीट में लिखा है," तो म्हणाला.

कमलेशजी मध्येच म्हणाल्या, "काट लीजिए, सर. वो मुझे आता ही कहाँ है."

त्यांना सोळा मिळाले. त्या पास झाल्या.

तरी मी भाटिया मॅडमवर फुगलो होतो. त्या तिथेच होत्या आणि एक शब्द बोलल्या नव्हत्या. चहाच्या वेळी मी विचारलंच. त्या म्हणाल्या, शीट आठवडाभर बोर्डावर होतं. ते वाचून ज्या मुलीने माउसची प्रॅक्टिस केली, तिला काय सांगायचं? ऐन परीक्षेत एकीसाठी नियम वाकवला तर तो बाकीच्यांवर अन्याय. "बदलना है तो आज बदलो. अगली बैच के लिए."

आणि त्यांनी तिथेच शीटची एक कॉपी घेऊन 'माउसने' हा शब्द दोन्ही ठिकाणी खोडला, कारण लिहिलं आणि हेड ऑफिसला पाठवून दिली. खाली त्यांनी माझीही सही घेतली. नंतरच्या एका बॅचला आलेल्या शीटवर तो शब्द नव्हता.

कमलेशजी पॅकिंगला गेल्या नाहीत. पुढे पिंकी मार्केटमध्ये भेटली तेव्हा म्हणाली की आंटी आता माउसही छान चालवतात, ऑफिसातच शिकल्या. तिथे करून द्यायला कुणी नव्हतं.

मी आजही शिकवतो आणि नव्या शिक्षकांना ट्रेनिंगही देतो. भाटिया मॅडमनी मला कधीही विद्यार्थ्यांसमोर टोकलं नाही, याबद्दल त्यांचे आभार मानायचे राहून गेले. म्हणून त्यांच्याकडून शिकलेलं एवढं तरी पुढे देतो. असेसमेंट शीट तयार केलं की प्रत्येक ओळीला विचारावं, हे विद्यार्थ्याला यायला हवं असलेलं काम आहे की आपल्या हाताची सवय? बहुतेक शीटमध्ये दोन-तीन ओळी सवयीच्या निघतात. माझ्या स्वतःच्या शीटमध्येही निघतात.