नानांचा तंबोरा आणि राजूरची कॅसेट

आमच्या भोकरदनच्या कॉलनीत नळाला पाणी कधी येईल ते सांगता येत नाही, पण शेजारच्या नानांच्या घरातून दर रविवारी एखादा किस्सा येतोच. भिंत एकच. कान लावावा लागत नाही. लावला तर जास्त ऐकू येतं, एवढंच!

नाना म्हणजे नारायणराव, रिटायर्ड मास्तर. रविवारी सकाळी त्यांच्याकडे शास्त्रीय गाणं ऐकायची बैठक असते. ज्यानं त्यानं आपल्या आवडीचं रेकॉर्डिंग आणायचं, राग सांगायचा नाही, बाकीच्यांनी ओळखायचा. चुकेल त्यानं पुढच्या रविवारी भजी आणायची. मी दहावी शिकलेली, गाण्यातलं मला काय कळणार? एकदा साखर मागायला गेले, आणि तिसऱ्या रविवारी तिथं माझी खुर्ची ठरली!

*

बबनरावांचं मोंढ्यात धान्याच्या आडतीचं दुकान. गाण्याचा भारी नाद. पण काहीही लावा, डोळे मिटून म्हणणार, "यमन!" वर्षभर भजी त्यांचीच.

शेवटी मीच म्हटलं, "बबनभाऊ, एखाद्या वेळी दुसरं नाव घेऊन बघा की!"

त्या रविवारी त्यांनी लई विचार केला. घाम पुसला. मान हलवली. म्हणाले, "केदार!"

यमन होता!

*

एकदा नानांनी त्यांचं सगळ्यात लाडकं रेकॉर्डिंग लावलं. गाणाऱ्या बाई एकच ओळ घोळवत होत्या. मी हळूच उठले, घरी आले, गवार निवडली, कुकर लावला, तीन शिट्ट्या घेतल्या आणि परत जाऊन बसले. बाई त्याच ओळीवर!

"नाना, मशीन अटकलं का?"

नाना डोळे न उघडता म्हणाले, "मंदाताई, त्या रमून राह्यल्या. तुम्हाला काय जल्दी हाये?"

"मला न्हाई हो. पण माझी गवार शिजली!"

*

नानांच्या घरच्या काकूंना गाण्याबद्दल विचारा, एकच उत्तर. "मला न्हाई बाई त्यातलं बिलकुल कळत."

एका रविवारी बबनरावांनी कुठून तरी अवघड रेकॉर्डिंग आणलं. नानांनी दोन मिनिटं ऐकलं आणि ठासून सांगितलं, "पूरिया!"

स्वयंपाकघरातून झारा आपटल्याचा आवाज आला. "मारवा हाये तो! संध्याकाळचा राग सकाळी सकाळी लावून राह्यले, दूध नासंल माझं!"

बबनरावांनी मोबाइल बघितला. मारवाच!

नियमाप्रमाणं पुढच्या रविवारी भजी नानांची. म्हणजे तळली काकूंनीच!

*

आता राजूरच्या कॅसेटचं सांगते.

नानांच्या कपाटात रुमालात गुंडाळलेली एक कॅसेट होती. तरुणपणी ते एका बुवांकडे गाणं शिकायचे. त्या बुवांनी राजूरच्या गणपतीपुढं भैरवी गायली, ती कुणीतरी टेप केलेली. बुवा आता नाहीत, त्यांच्या आवाजाची तेवढी एकच खूण. नाना प्रत्येक बैठकीत सांगायचे, "त्या दिवशी बुवांच्या मागं तंबोऱ्यावर मी बसल्तो."

बबनराव छेडायचे. "तंबोऱ्यावर का मांडवाच्या खांबाला टेकून?"

नाना हसायचे, पण तोंड उतरायचं. ते मला भिंतीपलीकडूनही कळायचं. दाखवायला ना फोटो, ना साक्षीदार. कॅसेट लावावी, तर फीत चिकटलेली.

मंग एके दिवशी बबनरावच कॅसेट घेऊन बसनं संभाजीनगरला गेले. जाताना-येताना ती मांडीवर धरलेली, पिशवीत टाकली नाही. एका जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्यानं फीत सोडवून गाणं पेनड्राइव्हमध्ये भरून दिलं.

रविवारी लावलं. काकूसुद्धा ओले हात घेऊन दारात उभ्या. आधी खरखर, मंग तंबोरा, मंग बुवांचा आवाज. काय आवाज हो!

बबनरावांना राहवलं नाही. "तंबोरा वाजून राह्यला, बराबर. पण तुम्हीच वाजवून राह्यले कशावरून?"

नाना खाली मान घालून ऐकत राहिले.

तेवढ्यात टेपमधली भैरवी मधेच थांबली. बुवा कडाडले, "ए नारायणा! झोपला का रे? तार उतरली बघ तुझी!"

अख्खा मांडव हसला. तंबोऱ्याची तार पिळल्याचा आवाज आला, आणि एक कोवळा आवाज म्हणाला, "चुकलं, बुवा."

आम्ही कुणीच हसलो नाही. बबनराव खुर्चीतून उठले आणि सरळ नानांच्या पाया पडले.

टेपमध्ये बुवा पुन्हा गायला लागले होते. नानांनी डोळे पुसले आणि हात वर केला.

"गाणं राहू द्या हो बबनराव. तेवढं परत लावा!"